नीटची पुस्तकं: आधी प्रश्न, मग पुस्तक

नीट, म्हणजे वैद्यकीय प्रवेशाची परीक्षा, द्यायची ठरलं की सुरुवातीचे काही आठवडे अभ्यासाचे नसतात, याद्यांचे असतात. २०२३ मध्ये अकरावीला ॲडमिशन घेतली तेव्हा माझ्याकडे अशा याद्या न मागता जमत गेल्या. एक कॉलेजातल्या सरांची, एक आदल्या वर्षी एमबीबीएसला लागलेल्या सीनियरची, एक आत्याच्या ओळखीच्या डॉक्टरबाईंची (त्या डॉक्टर झाल्या तेव्हा नीट नावाची परीक्षाच नव्हती) आणि मोबाईलवर रोज येणाऱ्या ‘टॉपर्स काय वाचतात’ छाप कितीतरी. सगळ्या याद्यांच्या डोक्यावर एनसीईआरटी, म्हणजे केंद्राच्या अभ्यासक्रमाची पाठ्यपुस्तकं. त्याखाली मात्र प्रत्येकाचा वेगळा संसार. एकट्या फिजिक्ससाठीच सगळ्यांची मिळून इतकी नावं झाली की ती सगळी पुस्तकं आणली असती तर नुसती चाळण्यात अकरावी संपली असती.

याद्यांमधली मला खटकलेली गोष्ट अशी की कुठलं पुस्तक कशासाठी, हे कुणीच लिहिलेलं नव्हतं. ‘हे करच’ एवढंच. करायचं म्हणजे काय करायचं? वाचायचं, की त्यातली गणितं सोडवायची, की परीक्षेच्या आधी महिनाभर उजळणीला ठेवायचं? विचारलं तर ‘सगळंच कर गं’ हे उत्तर.

माझा चुलतभाऊ माझ्या आधी नीट देऊन बसलेला. तो आता आयुर्वेदाला आहे. तिथला प्रवेशही नीटच्याच मार्कांवर होतो. त्याने त्याचं सगळं साहित्य आमच्याकडे आणून टाकलं: एनसीईआरटीचा जुना संच, क्लासची जाडजूड मॉड्यूल्स, टेस्ट सिरीजचे पेपर. वर म्हणाला, “हे वाचायला देत नाहीये. यातलं काय नको ते ठरवायला देतोय.” तेव्हा मला तो टाळाटाळ करतोय असंच वाटलं. पण जाताना त्याने कामाचं एक सांगितलं. पुस्तक घेण्याआधी त्या धड्यावरचे जुन्या पेपरांमधले प्रश्न समोर ठेवायचे, धडा वाचायचा आणि वाचून झाल्यावर ते सुटतात का बघायचं. न सुटणाऱ्या प्रश्नाचं उत्तर त्या पुस्तकात कुठे सापडतं का, हे शोधायचं. सापडत नसेल तर ते पुस्तक कितीही थोर असो, या परीक्षेपुरतं बाजूला.

मी पहिला प्रयोग बायोलॉजीवर केला. ७२० पैकी ३६० मार्क या एका विषयाचे, शिवाय दोघांचे मार्क सारखे झाले तर आधी बायोलॉजीचे मार्क बघतात, त्यामुळे सुरुवात तिथूनच करायची होती. धडा घेतला पेशीचक्राचा. या धड्यावर हमखास येणारा प्रश्नाचा प्रकार म्हणजे एस फेजमध्ये, म्हणजे पेशी विभागण्याआधी डीएनएची प्रत तयार होते त्या टप्प्यात, काय दुप्पट होतं आणि काय होत नाही. एनसीईआरटीत हे स्पष्ट लिहिलंय: डीएनएचं प्रमाण २सी वरून ४सी होतं, पण गुणसूत्रांची संख्या वाढत नाही, ती २एन असेल तर २एनच राहते. दुसरं एक गाइड होतं, रंगीत, चकचकीत, बाणांच्या आकृत्यांनी भरलेलं. त्यात एस फेजपुढे ‘डीएनए दुप्पट’ एवढंच छापलेलं. चूक काहीच नाही, पण चार पर्यायांमधले दोन ज्या अर्ध्या वाक्यावर वेगळे होतात ते वाक्यच गायब. मॉड्यूलमध्ये तेच वाक्य होतं, पण आजूबाजूला इतकी जादा माहिती की महत्त्वाचं काय ते कळायला आधी एनसीईआरटीच वाचावं लागलं असतं.

असं तीन-चार धड्यांना करून बघितल्यावर बायोलॉजीचा निकाल लागला. वाचायला एनसीईआरटी आणि फक्त एनसीईआरटी. आकृत्यांखालची बारीक अक्षरातली ओळ, तक्ते आणि धड्याशेवटचा सारांश यांच्यासकट. बाकी पुस्तकांकडून मला वाचन नकोच होतं, प्रश्न हवे होते. म्हणून दुसरं पुस्तक फक्त प्रश्नसंचाचं घेतलं. तेही जोड्या लावा, विधान-कारण आणि ‘किती विधानं बरोबर’ या प्रकारचे प्रश्न किती आहेत ते मोजून. सरळ एका ओळीच्या प्रश्नांनी गच्च भरलेले संच दिसायला जाड असतात, सोडवायला मजा येते, सगळी उत्तरं बरोबर येतात आणि हाती काही लागत नाही.

आमच्या कॉलेजातल्या बऱ्याच मुलांना एनसीईआरटी ही वस्तू अकरावीतच पहिल्यांदा दिसली, कारण आम्ही सगळे स्टेट बोर्डवाले. बालभारतीची अकरावी-बारावीची पुस्तकं वेगळी, धड्यांचा क्रम वेगळा. ती बाजूला टाकावीत का, यावर वर्गात दोन तट होते. माझं मत पहिल्यापासून ‘टाकू नयेत’ हे होतं आणि कारण अगदी व्यवहाराचं. बोर्डात प्रत्येक सायन्स विषयाचा ७० मार्कांचा लेखी पेपर आणि ३० मार्कांचं प्रॅक्टिकल. नीटच्या पात्रतेसाठी बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी मिळून खुल्या गटाला ५० टक्के आणि राखीव गटांना ४० टक्के लागतातच. शिवाय मी फार्मसीचा पर्याय म्हणून एमएचटी-सीईटी या राज्याच्या प्रवेश परीक्षेचा फॉर्म भरणार होते आणि ती परीक्षा स्टेट बोर्डाच्याच अभ्यासक्रमावर असते, साधारण २० टक्के अकरावीचं आणि ८० टक्के बारावीचं. निगेटिव्ह मार्किंगही नाही. म्हणजे बालभारतीच्या पुस्तकांना बोर्ड आणि सीईटी अशी दोन कामं. फक्त नीटच्या अभ्यासाच्या वेळी ती टेबलावर नकोत, एवढंच ठरवलं. एकाच धड्याची दोन पुस्तकं शेजारी ठेवली की मन सोप्याकडे पळतं.

हे सगळं नीट बसतंय असं वाटत असतानाच २०२३ च्या शेवटी नॅशनल मेडिकल कमिशनने २०२४ च्या नीटसाठी सुधारित अभ्यासक्रम जाहीर केला आणि वर्गात एकच गोंधळ उडाला. एनसीईआरटीने आधीच पुस्तकं कमी केलेली होती. अकरावी-बारावीचे बायोलॉजीचे मिळून ३८ धडे होते ते ३२ झाले होते. वनस्पतींमधलं वहन, खनिज पोषण, पचन हे धडे गेले. केमिस्ट्रीतून सॉलिड स्टेट, सरफेस केमिस्ट्री, पॉलिमर्स गेले. आता नीटचा अभ्यासक्रमही बराचसा त्या अंगाने आला. दादाच्या मॉड्यूल्समधले गठ्ठेच्या गठ्ठे एका दिवसात बाद झाले. कुणी हळहळलं, कुणी पेढे वाटायचे बाकी ठेवले.

मी मात्र अभ्यासक्रमाच्या पीडीएफची प्रिंट काढून आणली आणि पेन्सिल घेऊन बसले. दोन वर्षांत सगळ्यात फायद्याचं काम कुठलं केलं असेल तर हे. एकेक ओळ वाचायची आणि ती नव्या पुस्तकात कुठल्या पानावर आहे ते शेजारी लिहायचं. बहुतेक ओळींना पान मिळालं. काहींना मिळालं नाही आणि खरी गंमत तिथेच होती.

उदाहरणार्थ पी-ब्लॉक. बारावीच्या नव्या केमिस्ट्रीच्या पुस्तकातून हा धडाच काढलेला. ‘पी-ब्लॉक गेला’ म्हणून आमच्या वर्गात आनंदीआनंद. अभ्यासक्रमात मात्र गट १३ ते १८ मधल्या मूलद्रव्यांची इलेक्ट्रॉन रचना, गुणधर्मांचे कल आणि प्रत्येक गटातल्या पहिल्या मूलद्रव्याचं वेगळेपण हे स्वच्छ लिहिलेलं. म्हणजे नवं पुस्तक वाचून हे गट हाती लागणारच नव्हते. ते होते दादाच्या जुन्या पुस्तकात. तसंच वनस्पतींच्या कुळांचं. अभ्यासक्रमात माल्व्हेसी, क्रुसिफेरी, लेग्युमिनोसी, कंपोझिटी, ग्रॅमिनी ही पाच कुळं आलेली; नव्या पुस्तकात त्यांची सोय नाही. लेग्युमिनोसी जुन्या पुस्तकात फॅबेसी या नावाने मिळालं. बाकीच्यांसाठी मॉड्यूलमधली पानं कापून ठेवली.

दुसरी बिनपानाची ओळ फिजिक्सची: प्रायोगिक कौशल्यं. व्हर्नियर कॅलिपर, स्क्रू गेज, साधा लंबक, मीटर ब्रिज, झेनर डायोड अशी प्रॅक्टिकलची लांबलचक यादी अभ्यासक्रमाचा स्वतंत्र घटक झालेली. केमिस्ट्रीतही प्रॅक्टिकलवरचा घटक आलेला. यावर बाजारात लगेच ‘नवीन अभ्यासक्रमासाठी खास’ पुस्तिका आल्या. मी त्या घेतल्या नाहीत. माझ्याकडे कॉलेजचं प्रॅक्टिकल जर्नल होतं आणि एनसीईआरटीचं लॅब मॅन्युअल त्यांच्या वेबसाइटवर फुकट मिळतं. जर्नल हा आपल्याकडे सबमिशनपुरता लिहायचा प्रकार. रीडिंग्ज मैत्रिणीच्या वहीतून उतरवायची, सरांची सही घ्यायची, विषय संपला. पण मी लॅबमध्ये परत एकदा व्हर्नियर हातात घेऊन बसले. शून्य त्रुटी धन की ऋण, ती वजा करायची की मिळवायची, हे डोळ्यांनी बघितल्यावर परत पाठ करावं लागलं नाही.

मे २०२४ च्या नीटमध्ये व्हर्नियरवर प्रश्न आलाच. व्हर्नियर पट्टीचे एन अधिक एक भाग मुख्य पट्टीच्या एन भागांशी जुळतात आणि मुख्य पट्टीचा एक भाग ०.१ मिलिमीटरचा, तर व्हर्नियर स्थिरांक सेंटिमीटरमध्ये किती? मी तेव्हा अकरावी संपवत होते. पेपर झाल्यावर घरी सोडवला. व्हर्नियरचा एक भाग मुख्य भागापेक्षा नेमका किती लहान, हे कळलं की उत्तर दोन ओळींचं. ०.१ मिलिमीटर भागिले एन अधिक एक, आणि मिलिमीटरचं सेंटिमीटर करायला विसरायचं नाही. पर्यायांमध्ये खाचखळगे नेमके या शेवटच्या पायरीवर होते. सूत्र पाठ करून आलेल्याला एन दहा असतानाचं उत्तर माहीत असतं. पट्टी हाताळलेल्याला एन कितीही असला तरी चालतो.

त्याच पेपरमधल्या दुसऱ्या एका प्रश्नाने मात्र माझी पुस्तकांची मांडणी थोडी हलवली. दोन विधानं होती. पहिलं, अणू विद्युतदृष्ट्या उदासीन असतात. दुसरं, प्रत्येक मूलद्रव्याचे अणू स्थिर असतात आणि आपला वैशिष्ट्यपूर्ण वर्णपट देतात. किरणोत्सारी मूलद्रव्यांचे अणू स्थिर नसतात, म्हणून दुसरं विधान चूक. पण जुन्या एनसीईआरटीवरून अभ्यास केलेल्यांनी दोन्ही बरोबर धरली होती आणि एनटीएने, म्हणजे परीक्षा घेणाऱ्या संस्थेने, सुरुवातीला दोन्ही उत्तरांना मार्क दिले. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं. कोर्टाने जुलैमध्ये आयआयटी दिल्लीच्या तज्ज्ञांकडून मत मागवलं, त्यांनी एकच उत्तर बरोबर ठरवलं आणि निकाल पुन्हा लावावा लागला. चार लाखांहून जास्त विद्यार्थ्यांनी ‘दोन्ही बरोबर’ हा पर्याय निवडला होता. त्यांचे चार मार्क गेले आणि एक वजा झाला. पैकीच्या पैकी मिळालेल्यांमधले ४४ जण त्यातच खाली आले.

बाबांनी ती बातमी मला मोठ्याने वाचून दाखवली आणि विचारलं, “तुझ्याकडचं पुस्तक कुठलं, जुनं की नवं?” माझ्याकडे दोन्ही होती. त्या संध्याकाळी मी पक्कं ठरवलं: वाचायचं ते ताज्या आवृत्तीतून, आणि जुनं पुस्तक फक्त त्या पानांपुरतं उघडायचं ज्यांना अभ्यासक्रमाच्या प्रिंटवर नवं पान मिळालेलं नाही. जुन्या पुस्तकातल्या त्या पानांना चिकटपट्ट्या लावल्या आणि उरलेला भाग अक्षरशः रबरबँडने बांधून टाकला. आवृत्ती जुनी असली तरी विज्ञान तेच, असं आईचं म्हणणं. परीक्षेला विज्ञान तेच असून भागत नाही, वाक्यही तेच लागतं.

या प्रश्नाचा मला पुढे आणखी एक उपयोग झाला. मागच्या वर्षांच्या प्रश्नांचं पुस्तक, ज्याला सगळे पीवायक्यू म्हणतात, ते घ्यायचं होतं. मुखपृष्ठावर सगळेच ‘अद्ययावत’ असतात. मी पुस्तक हातात घेतलं की सरळ ‘अणू’ या धड्यात २०२४ चा तो प्रश्न काढायचे. तिथे दोन पर्याय बरोबर दाखवले असतील तर ते कोर्टाच्या निकालाआधी छापलेलं आहे, किंवा त्यानंतर कुणी उत्तरसूचीला हातच लावलेला नाही. दोन्हीपैकी काहीही असलं तरी बाकीच्या उत्तरांवर किती भरवसा ठेवायचा ते कळतं. दुसरी खूण म्हणजे वगळलेल्या धड्यांचे प्रश्न. सॉलिड स्टेटचे प्रश्न ‘अभ्यासक्रमाबाहेर’ अशी नोंद न करता तसेच ठेवलेले दिसले की पुस्तक नुसतं पुन्हा छापलंय, पुन्हा तपासलेलं नाही. या दोन खुणांवर दुकानातली चळत झपाट्याने खाली आली.

वर्षवार घ्यावं की धडावार? मी धडावार घेतलं आणि शेवटच्या काही वर्षांचे पूर्ण पेपर वेगळे ठेवले, न बघता. २०१६ च्या आधीचे प्रश्न सोडले नाहीत, पण त्यांच्यावर वेळही घालवला नाही. एनटीएने परीक्षा घ्यायला सुरुवात केली २०१९ पासून, आणि २०२० पासून एम्स व जिपमरच्या वेगळ्या परीक्षाही बंद होऊन सगळं नीटमध्ये आलं. माझ्या दृष्टीने खरा नमुना तिथून पुढचा.

फिजिक्सचं वेगळं दुखणं होतं. बायोलॉजीत एनसीईआरटी वाचून प्रश्न सुटतात. फिजिक्समध्ये धडा वाचून ‘समजलं’ वाटतं आणि पहिल्याच गणिताला पेन थांबतं. दादाची कसोटी इथे लावली, घूर्णन गतीच्या धड्यावर. एनसीईआरटीतली सोडवलेली उदाहरणं चांगली आहेत, आणि लोक ती वगळून थेट जाड पुस्तकांकडे का पळतात हे मला कळलेलं नाही. पण ती कमी पडतात. ज्या दोन खंडांच्या पुस्तकाची सगळे शपथ घेतात ते मी लायब्ररीतून आणून महिनाभर ठेवलं. भाषा सुंदर, विचार करायला लावणारं, आणि माझ्या कामासाठी मोठं. त्यातली पुढची गणितं जेईईवाल्यांची, म्हणजे इंजिनीअरिंगची प्रवेश परीक्षा देणाऱ्यांची. एका गणितावर वीस मिनिटं घालवून ते सुटण्याचा आनंद खरा असतो, पण नीटमध्ये १८० मिनिटांत १८० प्रश्न असतात.

शेवटी दादाची मॉड्यूल्सच फिजिक्ससाठी ठेवली, वाचायला नव्हे, सोडवायला. त्यात तीन पातळ्यांची गणितं होती: लेव्हल एक, दोन, तीन. एक आणि दोन पूर्ण करायची, तीनला हात लावायचा नाही असं ठरवलं. आणि उत्तरांच्या भागात एक बघितलं, की सोडवताना बलांची आकृती काढून दाखवली आहे की थेट सूत्रात आकडे टाकलेत. ज्या धड्यांमध्ये नुसते आकडे टाकले होते, त्या धड्यांसाठी मोबाईलवरची लेक्चर्स बघितली. लेक्चर हे साहित्यच आहे, पण त्याला पान क्रमांक नसतो. दोन तास ऐकल्यावर आपण अभ्यास केला की नुसतं ऐकलं हे कळायला मार्ग नसतो. म्हणून ज्या गणितावर अडले तेवढ्याच विषयाचं लेक्चर, तेही वही उघडून. टेलिग्रामवरच्या पीडीएफच्या नादाला लागले नाही. चोरीचा माल हा भाग आहेच, पण अर्ध्या फाइल्समध्ये पानं तिरकी आणि उत्तरसूची गायब.

केमिस्ट्रीचे तीन तुकडे, आणि तिघांचं खाणं वेगळं. इनऑरगॅनिकला एनसीईआरटी ओळ न ओळ, अधिक जुन्या पुस्तकातला पी-ब्लॉक. ऑरगॅनिकला एनसीईआरटीतल्या अभिक्रिया आणि कोरे कागद. पुस्तक बंद करून रीएजंट्स बाणावर लिहायचे, यापलीकडे साहित्य लागलं नाही. फिजिकल केमिस्ट्रीला मात्र गणितांचं एक पुस्तक लागतंच. ते निवडताना मी उत्तरांमधला हिशेब बघितला. परीक्षेत कॅल्क्युलेटर नसतो. जे पुस्तक ‘०.०५९१ ला अमुकने गुणून’ म्हणत चार दशांशस्थळांपर्यंत उत्तर देतं ते अभ्यासाला बरं, पण ०.०६ धरून जवळचा पर्याय कसा ओळखायचा हे दाखवणारं पुस्तक परीक्षेला बरं. असं एक मिळालं, पातळ, साध्या कागदावर छापलेलं, आणि तेच शेवटपर्यंत टिकलं.

टेस्ट सिरीजसाठी मी क्लास न लावता फक्त पेपर देण्यापुरतं नाव नोंदवलं. ऑनलाइन टेस्ट स्वस्त आणि सोयीच्या असतात, निकाल लगेच येतो. पण नीट अजून कागदावर होते. ओएमआर शीटवर गोळे रंगवावे लागतात आणि १८० गोळे रंगवायला लागणारा वेळ स्क्रीनवर कळत नाही. म्हणून कागदावरचीच घेतली. मग जानेवारी २०२५ मध्ये एनटीएने जाहीर केलं की २०२१ पासून आलेला पर्यायी प्रश्नांचा भाग बंद, पुन्हा १८० प्रश्न आणि सगळे सक्तीचे, वेळ २०० ऐवजी १८० मिनिटं. आमच्या सिरीजचे छापून तयार असलेले पेपर २०० प्रश्नांचे. दादाचेही तसेच. टाकून कशाला द्यायचे? फिजिक्स, केमिस्ट्री, बॉटनी, झूलॉजी या चार भागांत प्रत्येकी ५० प्रश्न होते. पेपर उघडण्याआधी बाबांकडून प्रत्येक भागातले शेवटचे पाच खोडून घेतले आणि घड्याळ १८० मिनिटांवर लावलं. फरक जाणवला तो निवडीत. आधी शेवटच्या १५ मधले दहा निवडायची मुभा असल्याने अवघड प्रश्न सोडून देता येत. आता सोडलेला प्रश्न म्हणजे सरळ चार मार्क गेले.

या पेपरांबद्दल एक तक्रार मात्र आहे. आमच्या सिरीजचं फिजिक्स फार सोपं होतं. सूत्र लावा, उत्तर काढा. ४ मे २०२५ ला प्रत्यक्षात आलेलं फिजिक्स लांबलचक आणि अवघड होतं. हे फक्त माझं मत नाही, त्या वर्षी देशातले सर्वोच्च मार्क ६८६ होते. हॉलमध्ये मला आधार झाला तो लेव्हल दोनच्या गणितांचा, टेस्ट सिरीजचा नाही. सिरीज निवडताना मी पेपरांची संख्या आणि शहरातली रँक बघितली होती. आता कुणी विचारलं तर मी सांगते, आधी त्यांचा एक फिजिक्सचा पेपर मागून घ्या आणि २०२५ च्या पेपरशेजारी ठेवून बघा. देत नसतील तर तेही उत्तरच आहे.

मराठीतून पेपर देणाऱ्यांचा प्रश्न आमच्या शेजारच्या काकूंनी विचारला, म्हणून तेही लिहिते. नीट १३ भाषांमध्ये होते, त्यात मराठी आहे. प्रश्नपत्रिकेत मराठीबरोबर इंग्रजीही छापलेलं असतं आणि दोन्हीत फरक वाटला तर इंग्रजी ग्राह्य धरतात. साहित्याची मात्र पंचाईत आहे: एनसीईआरटीची ही पुस्तकं मराठीत नाहीत. त्यामुळे मराठी निवडली तरी वाचन बहुतेक इंग्रजीतूनच होतं. काकूंच्या मुलीने दोन सराव पेपर देऊन बघितले आणि इंग्रजी निवडली. ज्याला लांब प्रश्न वाचताना इंग्रजी अडतं त्याने मराठी घ्यायला हरकत नाही, पण दोन्ही छापील मजकूर बघण्यात वेळ जातो, तो आधी मोजून बघावा.

बोर्डाची परीक्षा संपल्यावर टेबलावर जे उरलं ते फार थोडं होतं. एनसीईआरटीचा संच, पीवायक्यू, फिजिकल केमिस्ट्रीचं पातळ पुस्तक, जुन्या पुस्तकाची चिकटपट्टीवाली पानं आणि चुकलेल्या प्रश्नांची वही. एप्रिलमध्ये सीईटीपुरती बालभारती परत बाहेर आली आणि आत गेली. नवीन काही आणलं नाही, आणण्याची इच्छा मात्र रोज व्हायची. ‘शेवटच्या तीस दिवसांत’ असं लिहिलेली पुस्तकं नेमकी याच काळात दुकानांच्या दर्शनी भागात येतात.

स्टेट कोट्यातून सरकारी कॉलेजला नंबर लागला. आता मावसभाऊ अकरावीला आहे आणि त्याचा मेसेज आला, “ताई, पुस्तकांची यादी पाठव.” त्याला त्या वर्षीच्या अभ्यासक्रमाची पीडीएफ आणि २०२५ चा पेपर पाठवला. चुकांची वही मागत होता, ती दिली नाही. त्यातल्या चुका माझ्या आहेत, त्याच्या वेगळ्या असतील. एनसीईआरटी त्याला नवीच घ्यायला सांगितली, माझ्या प्रतीत इतकं अधोरेखित आहे की काय महत्त्वाचं नाही तेच दिसत नाही. मॉड्यूल्स मात्र जातायत, दादाकडून माझ्याकडे आणि आता त्याच्याकडे. पुठ्ठे निघालेत, वगळलेले धडे काढून टाकलेत. लेव्हल तीनची पानं वेगळी बांधून मावशीकडे दिली आहेत. पहिल्या दोन पातळ्या संपल्या की तिच्याकडून माग म्हटलंय.